पुढची डावी सीट

१

जुनी गाडी सकाळीच तपासावी, आणि विकणाऱ्याने ती सुरू करण्यापूर्वी तपासावी. तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकोणतीस वर्षे शिल्पनिदेशक होतो. मोटार शाखेच्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवले. निवृत्तीनंतर ओळखीची माणसे जुनी गाडी घेण्यापूर्वी मला बोलावतात. मी मोबदला घेत नाही. गाडी चांगली निघाली तर शनिवारी भद्रा मारुतीला तेल वाहावे, एवढेच सांगतो.

माझा नियम एकच. जो दोष बोट ठेवून दाखवता येतो, तोच सांगायचा. संशयावरून दुसऱ्याच्या वस्तूला नाव ठेवणे हे पाप आहे, असे मी मानत आलो. नियम चांगला आहे याविषयी मागच्या डिसेंबरपर्यंत मला शंका नव्हती.

या वेळी गाडी माझ्याच घरी यायची होती. थोरली बहीण सरोजिनीताई यजमानांच्या निधनानंतर माझ्याकडे राहते. तिची मुलगी अश्लेषा लासूर स्टेशनच्या शाळेत शिकवते. शाळा सकाळची. अंधारात निघायचे, बस मिळाली तर मिळाली. ताईचे गुडघे गेलेले. तिला सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जायची इच्छा, आणि रिक्षात चढता येत नाही. म्हणून गाडी.

गाडी पाच वर्षांची, पांढरी, माइल्ड हायब्रिड हॅचबॅक. मालक नानासाहेब, गंगापूरकडचे बागाईतदार. शहरात गारखेड्याला घर. गुरुवारी दत्तजयंती होती. तो दिवस साधला नाही तर ताई पुढच्या दिवसाला राजी होत नव्हती, आणि मग पौष लागणार होता. बुधवारी सकाळी सव्वासात वाजता मी त्यांच्या दारी उभा राहिलो.

गाडीवर दव होते. समोरची काच पांढरी झाली होती. मी बॉनेटवर तळहात ठेवला. दगडासारखे गार.

“रात्रीपासून हात लावला नाय बघा,” नानासाहेब म्हणाले. “तुमचा निरोपच तसा व्हता.”

माणूस शब्दाचा पक्का वाटला. मला समाधान वाटले.

२

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक बॉनेटखाली, नेहमीची. दुसरी लिथियमची, पुढच्या डाव्या सीटखाली. इंजिनाला चढावर हात देणे, सिग्नलला इंजिन थांबले की ते पुन्हा बिनआवाज सुरू करणे, ही कामे तिच्या जोरावर होतात. घेणारे लोक रंग पाहतात, टायर पाहतात. सीटखाली कोणी वाकत नाही. तिथे हवा जायला जाळी असते. जाळी धुळीने बुजली की बॅटरी तापते आणि लवकर मरते. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडीही तिथेच ओळखू येते.

मी क्रमाने गेलो. दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट कधी खोललेले नव्हते. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले. चिखलाचा डाग नाही. स्टार्टर-जनरेटर फिरवणाऱ्या पट्ट्याला चीर नाही. तेल स्वच्छ. गाडी इतकी निर्दोष की मला ते आवडले नाही.

मग सीटा पाहिल्या. वापरातली गाडी सीटांवरून वाचता येते. चालकाची सीट सर्वांत झिजते, त्यानंतर पुढची डावी, शेवटी मागची. या गाडीत मागच्या सीटचे कापड दोन्ही बाजूंनी विटले होते. पुढच्या डाव्या सीटचे कापड मात्र कोरे होते. दुकानातून आणल्यासारखे. पाच वर्षांत त्या जागी कोणी बसलेच नसावे. तरीही कापडाखालचा फोम पार खाली गेला होता, जड माणूस रोज तासन्‌तास बसावा तसा.

कोरे कापड आणि बसलेला फोम. मी थोडा वेळ पाहत राहिलो.

जाळी पाहण्यासाठी वाकलो आणि आधाराला हात सीटवर टेकला.

सीट गरम होती.

उन्हाने तापावी तशी नव्हे. ऊन अजून भिंतीवरून उतरले नव्हते. कोणी बराच वेळ बसलेले असावे, आणि नुकतेच उठून आपल्याला जागा दिली असावी, तशी ती ऊब होती. मी हात काढला. चालकाच्या सीटवर ठेवला, ती गार. मागे ठेवला, गार.

रेडिएटर, ब्रेकच्या तबकड्या पाहायला माझ्याजवळ तापमान मोजायची बंदूक असते. करोनात दारोदार कपाळावर धरीत असत तसलीच. चालकाची सीट तेरा अंश. मागची तेरा. पुढची डावी, साडेछत्तीस.

मान वर केली. नानासाहेब फाटकाशी उभे होते. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

“काय झालं, सर?”

“काही नाही. बॅटरी तपासतो आहे.”

“बरं, बरं,” ते म्हणाले, आणि त्यांनी नजर काढून घेतली.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी गरम राहत नाही. हे मला माहीत होते. पण लिथियम आहे, नवी विद्या आहे, एखादे वेळी स्वतःशीच भरत-उतरत असेल, असे मी मनाशी म्हटले. माझ्या वहीत प्रत्येक भागापुढे एक ओळ असते. त्या ओळीवर मी लिहिले: बॅटरी चांगली. आकडा लिहिला नाही.

३

चालवून पाहायला निघालो. मी चालकाच्या जागी. नानासाहेब सहा फूट उंच, अंगाने भरलेले. त्यांनी मागचे दार उघडले आणि माझ्या पाठीमागे अंग मुडपून बसले. गुडघे माझ्या सीटला टेकले.

“पुढे या ना. पाय अवघडतील.”

“नको. मला मागंच बरं. सवय हाय.”

“मालक मागे आणि मी ड्रायव्हर,” मी म्हणालो.

“तुमच्यावानी शिकलेला ड्रायव्हर मिळाला तर गाडी कशाला इकतो?” ते हसले. मग उसाविषयी बोलू लागले. कारखाना, तोडणीच्या टोळ्या, बिबट्या. माणूस बोलका होता. जालना रोडला लागेपर्यंत ते एकदाही थांबले नाहीत.

आकाशवाणीच्या सिग्नलला मी गाडी न्यूट्रल केली, क्लच सोडला. इंजिन आपोआप थांबले. या गाड्यांत हेच मुख्य पाहायचे असते. इंजिन थांबत नसेल तर बॅटरीत खोट असते. ते सुरेख थांबले. आत पूर्ण शांतता झाली.

त्याच क्षणी नानासाहेब बोलायचे थांबले. वाक्याच्या मध्यावर.

मी आरशात पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते, आणि श्वास धरून बसले होते. काचा बंद होत्या. त्या शांततेत माझ्या डाव्या हाताला फोम दबल्याचा बारीक आवाज झाला. बराच वेळ बसलेला माणूस अंग हलवतो तेव्हा होतो तसा. मी तिकडे पाहिले. कोरी सीट.

प्लॅस्टिक गार-गरम होताना कुरकुरते. मी मुलांना हे शिकवले आहे.

दिवा हिरवा झाला. क्लच दाबताच इंजिन सुरू झाले, आणि नानासाहेबांनी वाक्य पुढे चालू केले.

परतल्यावर त्यांनी विचारले, “मग? काय दोष?”

मी वही पाहिली. बोट ठेवण्यासारखे काही नव्हते.

“दोष नाही,” मी म्हणालो.

४

दत्तजयंतीला ताई आणि अश्लेषा गाडी आणायला बरोबर आल्या. नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. नानासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या गाडीजवळ आल्या नाहीत. ताई पुढच्या डाव्या दाराकडे वळली, तेव्हा मात्र त्या चटकन खाली उतरल्या.

“ताई, तुम्ही मागं बसत जावा.”

“अहो, मागे पाय मुडपत नाहीत माझे.”

“मागंच बसा. लेकीच्या मागं. पुढं कशाला?”

ताई माझ्याकडे पाहून हसली. “मधू, बघ रे, गाडी घेतल्या दिवशीच मला सासुरवास सुरू झाला.”

द्वारकाबाईंना हसू आले नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. नानासाहेब म्हणाले, “चला, यळ झाली. जाऊ द्या त्यांना.”

द्वारकाबाई आत गेल्या. हे सर्व मी ऐकले. एक शब्द विचारला असता तर पुरे होते. मी तो विचारला नाही, कारण आदल्या दिवशी मी त्या गाडीला निर्दोष म्हटले होते.

ताई बसली. दार लागले. तिच्या चेहऱ्यावर असे सुख मी पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते.

“अगं बाई! शेगडीजवळ बसल्यासारखं वाटतंय. अशू, ही गाडी म्हातारीसाठीच केलेली दिसते.”

“आई, गाडी माझी आहे हं.”

“तुझी, तुझी. तू चालव. मी बसते.”

मी मागे बसलो होतो. बॅटरीची ऊब आहे, असे मी त्या दोघींना समजावून सांगितले. ताई म्हणाली, “तू होतास म्हणून अशी मिळाली रे.” मला ते ऐकून बरे वाटले. त्या बरे वाटण्याचा हिशेब देवाजवळ माझ्या नावावर आहे.

५

अश्लेषा दुपारी दीडला शाळेतून येई आणि गाडी पोर्चमध्ये लावी. पहिल्याच आठवड्यात ताईने तिथे जाऊन बसायला सुरुवात केली. प्रथम जेवणानंतर अर्धा तास. नंतर तास. मग चहाही तिथेच मागू लागली. जपमाळ घेऊन बसे, दार लावून घेई. गुडघे शेकले जातात म्हणे.

घरात ती गार असे. हात धरला तर माठातल्या पाण्यातून काढल्यासारखा. थंडीचे दिवस होते. मी स्वेटर आणला, मोजे आणले. डॉक्टरांनी रक्त तपासले. थायरॉइड ठीक, साखर ठीक, रक्तही पुरेसे. “वय झालं, काका,” ते म्हणाले. ताईला त्यात दुःख नव्हते. ती फक्त दीड वाजण्याची वाट पाही.

एका दुपारी मी बंदूक घेऊन पोर्चमध्ये गेलो. आधी तिच्या तळहातावर धरली. सत्तावीस. पुन्हा धरली. सत्तावीस. तिच्या मांडीशेजारी सीटवर धरली. साडेछत्तीस. तो आकडा बुधवारच्या सकाळपासून हलला नव्हता.

“काय मोजतोस रे? मी काय रेडिएटर आहे?”

“ताई, आत चल.”

“इथंच बरं आहे.”

तेव्हा मला दिसले की ती टेकून बसलेली नाही. सीटच्या पुढच्या कडेला आली होती; गुडघे समोरच्या कप्प्याला लागत होते. पाठीमागे हातभर जागा रिकामी होती. गुडघेदुखीचे माणूस असे बसत नाही. अश्लेषाही डबा घ्यायला बाहेर आली होती. तिलाही ते खटकले.

“आई, मागे टेक की. पडशील पुढे.”

“असू दे. जागा होते.”

“कुणाला?”

ताईने क्षणभर विचार केला. उत्तर तिला माहीत असावे आणि ते सांगायचे की नाही हे ठरत नसावे, असा तो क्षण होता. “मला गं,” ती म्हणाली.

अश्लेषा हसली. मग आत जाता जाता मला हळूच म्हणाली, “मामा, मी चालवताना डावं कोपर अंगाशी घेऊन बसते. का कोण जाणे. तिकडे टेकवावंसं वाटत नाही.”

“गियर टाकायला हात तिकडेच न्यावा लागतो,” मी म्हणालो.

“तेवढाच नेते,” ती म्हणाली.

६

बॅटरी हे कारण खरे असेल तर बॅटरी काढल्यावर ऊब जावी. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी घेऊ शकलो असतो. आता घ्यायची ठरवली. रविवारी कडुबा मिस्त्रीला घरी बोलावले. तो माझा जुना विद्यार्थी. हात चांगला, तोंड फटकळ.

त्याने सीट सरकवली, बोल्ट सोडले, झाकण काढले. बराच वेळ डोके आत घालून राहिला.

“सर, ही गाडी तुम्ही तपासली व्हती का दुसऱ्या कुणी?”

“मी.”

“मंग चष्मा बदला.” त्याने बॅटरीवर मीटर लावले, पुन्हा लावले. “ही मेलेली हाय. आज-काल नाय, लई दिस झाले. हात लावून बघा. बरफ.”

मी हात लावला. बॅटरी गार होती. तिच्या वर चार बोटांवर सीटचा तळ होता. तो मी चाचपला. तिथून ऊब येत होती.

“कडुबा, सिग्नलला इंजिन थांबते. मी स्वतः पाहिले. रोज थांबते.”

“नाय थांबणार. ही मेली म्हंजी थांबायचं कामच बंद. डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागाया पायजे.”

“दिवा लागत नाही.”

“मंग तार काढली असंल कुणी.” त्याने तार पाहिली. तार जागेवर होती. तो उठला, हात पुसले. पुसताना त्याचे कोपर सीटच्या बैठकीला टेकले. त्याने ते झटकन उचलले आणि कोपराकडे पाहिले.

“सर, इथं आत्ता कोण बसलं व्हतं?”

“कोणी नाही. सीट तासभर सुटी पडली आहे.”

बॅटरी बाहेर ठेवून त्याने सीट पुन्हा बसवली. चारपैकी दोनच बोल्ट आवळले. चहा ठेवला होता. तो घेतला नाही. फाटकातून मागे वळून म्हणाला, “आजींना त्यात बसू देऊ नका. कारण इचारू नका, मला बी ठावं नाय.”

संध्याकाळी मी गाडी फिरवून आणली. सीटखाली बॅटरी नव्हती. आकाशवाणीच्या सिग्नलला इंजिन थांबले.

शांततेत मी डावीकडे पाहिले नाही. इष्टदेवतेचे नाव घेत समोर पाहत राहिलो. क्लच दाबण्यापूर्वीच इंजिन सुरू झाले.

७

दुसऱ्या दिवशी मी नानासाहेबांकडे गेलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. मी बॅटरीविषयी सांगितले. ते ऐकत राहिले. त्यांना आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही.

“तुम्ही मला फसवले,” मी म्हणालो.

“सर, तुम्ही मोठे हाव. पण शब्द जपून वापरा.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी गाडी तुमच्या हातात दिली. पाक दोन तास तुम्ही बघितली. मी इचारलं, दोष काय. तुम्ही म्हणाले, दोष नाय. व्हय का नाय?”

“हो.”

“तुमचा हात लागला व्हता ना शिटाला?”

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“लागला व्हता. मी बघितला. मला वाटलं, आता हा माणूस इचारील. इचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, दत्ताची आन. तुम्ही म्हणाले, बॅटरी.” त्यांनी मान हलवली. “मंग मी बी म्हणलं, बॅटरी तर बॅटरी.”

“आता सांगा.”

“आता काय सांगू? आमच्या घरात कुणी तिथं बसत नव्हतं, यवढंच. आम्ही मागं बसायचो. त्याला त्रास नाय, आम्हाला नाय.”

“कोणाला त्रास नाही?”

आतून भांडे पडल्याचा आवाज आला. द्वारकाबाई दारात आल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

“ताई किती टाइम बसत्यात?” त्यांनी विचारले.

“दुपारभर.”

त्या भिंतीला टेकल्या. “टेकून बसत्यात का पुढं सरकून?”

“पुढे सरकून.”

“उठा,” त्या मला म्हणाल्या. “हितं काय बसलात? घरी जा आधी.”

८

दोन वाजून गेले होते. पोर्चमध्ये ऊन होते, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. अश्लेषा आत वह्या तपासत असावी. गाडीच्या चारही काचा बंद होत्या, आणि डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती.

मी डावे दार उघडले.

ताई सीटच्या अगदी कडेला होती. अर्धी सीटवर, अर्धी अधांतरी. डोळे मिटलेले, ओठ जपात हलत होते, आवाज नव्हता. माळ मात्र मांडीवर पडली होती. हात निळसर दिसले.

सीटचा पट्टा लावलेला होता. उभ्या गाडीत ती तो कधी लावीत नसे. मी तो सोडवायला हात पुढे केला, आणि थांबलो.

पट्टा ताईच्या अंगावरून गेलेला नव्हता. तो तिच्या पाठीमागून गेला होता. खांद्याच्या उंचीवरून निघून तिरका खाली कुलपात गेला होता, आणि सीटच्या पाठीलाही लागलेला नव्हता. मध्ये वीतभर अंतर होते. पट्टा त्या रिकाम्या जागेत ताणलेला होता. छातीवर यावा तसा त्याला बाक आला होता.

तो हलत होता. सावकाश वर, सावकाश खाली. मी माझा श्वास मोजला. त्याची लय माझी नव्हती. ताईच्या ओठांची नव्हती.

मी देवाचे नाव घेतले का, हे आठवत नाही. घेतले नसावे. ताईचे दोन्ही दंड धरून तिला बाहेर ओढले. ती आली, पण सहज आली नाही. हात धरून बसलेल्या दोन माणसांतून एकाला उठवावे, तसा पहिल्या क्षणी अडसर वाटला. मग तो सुटला.

“काय रे, काय झालं?” ती झोपेतून उठल्यासारखी म्हणाली.

मी मागे पाहिले. पाहायला नको होते. पट्टा हळूहळू मागे गेला आणि सीटच्या पाठीजवळ स्थिर झाला. गर्दीत अंग चोरून बसलेल्या माणसाला शेजारची जागा मोकळी मिळावी आणि त्याने ऐसपैस टेकावे, तसा.

मी दार लावले. कुलूप केले.

९

संध्याकाळी मी अश्लेषाला समोर बसवून सर्व सांगितले. बुधवारचा आकडा सांगितला. तो लिहिला नाही हे सांगितले.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“काहीतरी आहे एवढे माहीत होते.”

“आणि आईला तिथं बसू दिलंत.”

“हो.”

ती रडली नाही. उठून आईजवळ गेली. रात्रभर ताईला तीन रजया घालून ती उशाशी बसून होती. डॉक्टर येऊन गेले. सकाळपर्यंत पाहू म्हणाले. मी देवापुढे बसलो. जे मागितले ते एकच होते, ताईच्या अंगात ऊब यावी.

पहाटे अश्लेषाची हाक आली. “मामा! आईचे हात गरम झाले!”

मी धावत गेलो नाही. आधी पोर्चमध्ये गेलो. काचांवर बाहेरून दव होते, आतून वाफ नव्हती. कुलूप काढून डावे दार उघडले. पट्टा सुटलेला होता आणि आपल्या जागी गुंडाळला गेला होता. फोम वर आला होता; सीट भरीव, नव्यासारखी दिसत होती. मी तळहात ठेवला. गार. चालकाच्या सीटइतकीच गार. कोणत्याही जुन्या गाडीची असते तशी ती सीट होती.

आत हसण्याचा आवाज येत होता. मी दाराशी आलो.

ताई पलंगावरून उतरून स्वतःच्या पायांनी उभी होती. काठी कोपऱ्यात होती. गालांना रंग आला होता. अश्लेषाने तिचा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि तिच्या डोळ्यांतून आनंदाचे पाणी वाहत होते.

“बघ मधू,” ताई म्हणाली, “गुडघेसुद्धा दुखत नाहीत.”

“अश्लेषा,” मी म्हणालो, “तिचा हात सोड.”

“का, मामा?”

या वेळी मी काही लपवले नाही. सीट गार आहे हे सांगितले. पट्टा सुटला आहे हे सांगितले. काल रात्री मी देवाजवळ काय मागितले तेही सांगितले. दोघी ऐकत होत्या. ताई माझ्याकडे पाहून मंद हसत होती. अश्लेषाच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला; तिने हाताकडे पाहिले, बोटे सैल केली.

हात सुटला नाही.